पंख्याने ऐकायचं कुणाचं?

नोकरीत असताना लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की मी सांगायचे, "वस्तू बिघडवते." समोरचा हसायचा आणि नवऱ्याकडे बघायचा. नवरा मान डोलवायचा, कारण ते खरंच होतं.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी होती. मिक्सर, इस्त्री, कूलर, शेवटी शेवटी पंखे. वस्तू बाजारात जाण्याआधी तिची जमेल तितकी वाट लावायची, हे माझ्या चाचणी विभागाचं काम. मिक्सरमध्ये सुकं खोबरं घालून तो दमेपर्यंत फिरवायचा. इस्त्री टेबलावरून ढकलून द्यायची. पंखा मिठाच्या धुक्याच्या पेटीत टांगून ठेवायचा आणि गंज कुठून चढतो ते बघायचं. इतकं करूनही वस्तू तग धरून राहिली तर मी सही करायचे. माझी सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नसे. घरात माझ्या शब्दाला जेवढी किंमत होती, तिच्या कितीतरी पट कंपनीत होती.

पण पेटीत मीठ फवारता येतं, माणूस फवारता येत नाही. वस्तूची खरी परीक्षा घरातच होते. बोरिवलीच्या एका गृहस्थांनी तक्रार केली होती की आमचा मिक्सर अचानक फार ओरडायला लागलाय. आमचा माणूस जाऊन आला, मिक्सर ठीक. पुन्हा तक्रार. शेवटी मीच गेले. चहा घेता घेता कळलं की काकांनी नुकतंच कानाचं यंत्र घेतलंय. मिक्सर आधीपासून तसाच ओरडत होता, काका आत्ता ऐकायला लागले होते. मी त्यांना हे सांगितलं तर काकू म्हणाल्या, "मिक्सरचं सोडा हो, मी इतकी वर्षं काय काय बोलले ते यांनी ऐकलंच नाही म्हणजे!" मी चहा अर्धा टाकून निघाले.

तर असं सगळं चाललेलं असताना आमच्या मालकांच्या, धीरजभाईंच्या, डोक्यात बोलक्या पंख्याने घर केलं. तोंडाने सांगायचं, "पंखा चालू", की पंखा चालू. बंद, जोरात, हळू, एवढे चार हुकूम, तेही मराठीत. कारण मोठ्या कंपन्यांचे पंखे इंग्रजीत ऐकायचे आणि धीरजभाईंचं म्हणणं होतं, "रेखाबेन, घरातली आजी इंग्रजीत कशाला बोलेल?" मुद्दा बरोबर होता. मिक्सर बंद करून झाला होता, कूलर कुणी घेत नव्हतं. उन्हाळ्याआधी हा पंखा दुकानात गेला तर कंपनी टिकणार होती, नाहीतर शटर. हे कुणी मोठ्याने बोलत नसे, पण जोडणी विभागातल्या बायका माझ्याकडे ज्या नजरेने बघायच्या त्यावरून मला रोज कळायचं.

लोक हमखास विचारतात, "अहो, ही यंत्रं आपलं सगळं बोलणं चोरून ऐकतात ना?" बाकीच्यांचं मला माहीत नाही. आमच्या पंख्याला इंटरनेटच नव्हतं. तो चार हुकूम ओळखायचा आणि बाकी सगळं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायचा. अगदी माझ्या नवऱ्यासारखा, फक्त चार हुकूम जास्त.

पंख्याच्या डोक्यातला प्रोग्राम लिहिला होता ऋजुताने. मुलुंडची मुलगी, हुशार, भाषा एकदम शुद्ध. पंखा लावताना घरातल्या प्रत्येकाने ते चार हुकूम बोलून दाखवायचे आणि पंख्याने आवाज ओळखायला शिकायचं, ही तिचीच कल्पना. म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतली सासू "बंद!" म्हणून कडाडली तरी पंख्याने तिच्याकडे दुर्लक्ष करायचं. पंख्याचा आवाजही ऋजुताचाच होता. हुकूम मिळाला की पंखा नम्रपणे म्हणायचा, "पंखा चालू करत आहे."

चाचणीसाठी आम्ही काही घरांत पंखे फुकट लावले. घरं मी निवडली, कारण कुठल्या घरात वस्तूचे हाल होतील हे मला वासावरून कळतं. एक माहुलला, तेल कारखान्यांच्या काजळीसाठी. तिथल्या आजोबांची तक्रार आली की पंख्याला "जेवलास का?" विचारलं तर तो उत्तर देत नाही, शिष्ट आहे. ती मी फाइलला लावली नाही. दुसरं घर खारदांड्याला, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यासाठी. आणि तिथून फोन आला.

"तुमचा पंखा येडा झाला हाय. आपलाच चालू होतं, आपलाच बंद होतं. भूत भरलंय त्याच्यात."

फोनवर हिराबाय होती. त्या घरात दोन जावा राहायच्या, थोरली हिराबाय आणि धाकटी जनाबाय. दोघी विधवा, दोघी मासळी विकणाऱ्या. हिराबायचा मुलगा होडीवर, सून कामाला आणि जनाबायचा मुलगा नोकरीला, त्यामुळे दिवसा घर दोघींचंच.

आमचा माणूस गेला, पंखा ठीक. पुन्हा फोन. मी तो पंखा काढून अंधेरीला आणला, मिठाच्या पेटीत टांगला, तापवला, भिजवला. शहाण्या मुलासारखा वागला. मग त्यांच्याकडे नवा पंखा लावला. तोही येडा झाला.

आता ऋजुताचा चेहरा उतरला. "मॅडम, दोन पंखे एकाच घरात बिघडतात म्हणजे प्रोग्राममध्येच काहीतरी आहे. होड्यांच्या इंजिनाचा आवाज? लाटा? फ्रिज?"

धीरजभाई म्हणाले, "एका घरासाठी सीझन सोडणार का? सही करून टाका ना, रेखाबेन."

"बघितल्याशिवाय नाही," मी म्हटलं. "चला गं ऋजुता, आपणच जाऊ."

दुपारी पोचलो. बाहेर वलांडीच्या बांबूंवर बोंबील सुकत होते, त्यांच्या खालून वाकून आत शिरलो. मोठी एकच खोली, मधोमध आमचा पंखा. पंख्याच्या एका बाजूला हिराबाय चटईवर पाय पसरून बसलेली, नुकतीच बाजारातून आलेली, घामाने डबडबलेली. दुसऱ्या बाजूला जनाबाय सुपात जवळा निवडत होती. जवळा म्हणजे ती नखाएवढी सुकी कोलंबी, फुंकर मारली तरी उडते. दोघींच्या एकमेकींकडे पाठी.

"बस गो बाय," हिराबाय म्हणाली. "बघ तुझा पंखा."

बघितला. पंखा हळू फिरत होता, काही येड्यासारखं करत नव्हता. दोघी इतक्या सज्जनपणे बसल्या होत्या की मला संशय आला. पाहुणे घरात असले की पोरं अशीच बसतात.

"आम्ही जरा बाहेरचं मीटर बघून येतो," मी म्हटलं आणि ऋजुताला ओढत बाहेर काढलं. खिडकीखाली बोंबलांच्या आडोशाला दोघी उभ्या राहिलो. ऋजुताने नाकाला ओढणी लावली. मी तिला गप्प राहायची खूण केली.

आतून हिराबायचा आवाज आला, मधासारखा गोड. "पंखा, जोरात."

"पंखा जोरात चालवत आहे," पंखा म्हणाला.

लगेच जनाबाय. "पंखा, बंद."

"पंखा बंद करत आहे."

"पंखा, काही लोक दिवसभर उन्हात मरतात, काही सावलीत बसून हात हलवतात. त्यांना घाम कशाला येल? पंखा, जोरात!"

"पंखा जोरात चालवत आहे."

"पंखा, काही लोकांना वाटतं जवळा आभालातून पडतो. उडाला तर उडाला. पंखा, बंद!"

"पंखा बंद करत आहे."

दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलत नव्हत्या. सगळं छताकडे बघून. आणि मधल्या मधे ऋजुताचा तो नम्र आवाज. ऋजुता तोंडावर हात दाबून खाली बसली. "मॅडम," ती कुजबुजली, "मीच दोघींचा मार खातेय!"

आत गेलो. जवळा खोलीभर उडाला होता, हिराबायच्या केसांतही होता.

"काय गं, कोण करतंय हे?"

"पंखाच," हिराबाय म्हणाली.

"आपलाच करतं," जनाबाय म्हणाली. पाठी तशाच.

"तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही का?"

"कोनाशी?" दोघींनी एकदम विचारलं.

खोदून खोदून विचारलं तेव्हा कारण कळलं. म्हणजे कारणं कळली. हिराबायच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या मुलाच्या हळदीला जनाबायने तोंड वाकडं केलं. जनाबायच्या म्हणण्याप्रमाणे तिने तोंड वाकडं केलं कारण दाढ दुखत होती आणि थोरल्या जावेने ते विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून अबोला. हिराबायचा नातू आता शाळेत जातो.

"मग निरोप कसा देता?"

"पोरं असतात ना," जनाबाय म्हणाली. "आणि आता पंखा हाय."

परत येताना रिक्षात ऋजुता खुशीत होती. "सुटलो! बिघाड नाहीच. वापरणाऱ्यांचीच चूक. तुम्ही सही करू शकता."

"नाही करणार."

"अहो, का?"

तिला मी जे सांगितलं ते मला आजही पटतं, म्हणून इथे लिहिते. घर म्हणजे एक माणूस नसतं. ही सगळी नवी यंत्रं बनवणारे एकटे राहतात की काय कोण जाणे, त्यांच्या डोक्यात घरात एकच माणूस असतो आणि तो हुकूम सोडत असतो. भिंतीवरचं बटण होतं तेव्हाही पंख्यावरून भांडणं व्हायची. पण बटणापर्यंत उठून जावं लागायचं. गुडघा धरून उठायचं, खोली ओलांडायची, तेवढ्यात निम्मा राग उतरायचा आणि उरलेल्यात कुणीतरी म्हणायचं, "असू दे, बस." आम्ही ते उठणंच काढून टाकलं. बसल्या जागेवरून भांडायची सोय करून दिली. जो पंखा सगळ्यांचं ऐकतो पण कुणाचं ऐकायचं ते त्याला कळत नाही, तो अर्धवट पंखा.

रिक्षा अंधेरीच्या सिग्नलला अडकली तेव्हा ऋजुता म्हणाली, "आवाज तर तो ओळखतोच. दोन वेगळ्या आवाजांनी लागोपाठ उलटसुलट हुकूम दिले तर तो आहे तसाच राहील, असं करता येईल. मग दोघींनी एकच हुकूम दिला तरच ऐकेल."

"झकास. आणि तोंडाने काय म्हणेल?"

तिने विचार केला. "'परस्परविरोधी आदेश प्राप्त झाले आहेत.'"

"अगं, पंखा आहे की तहसीलदार?"

"मग तुम्हीच बोला!"

आणि मी बोलले. आमचं घर मालवणकडचं. बाबा गिरणीत होते आणि मी घाटकोपरला वाढले, पण आई रागावली की गावची भाषा यायची. आम्हा भावंडांची मारामारी लागली की ती चुलीपुढून न उठता एकच वाक्य फेकायची. तेच मी कंपनीत पोचल्यावर आईच्या पट्टीत माइकसमोर म्हटलं, "आदी तुमचा काय ता ठरवा, मगे माका सांगा!"

ऋजुता हसून हसून टेबलावर पडली. धीरजभाईंना सांगायचं का, असा प्रश्न आमच्यापैकी कुणीच काढला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावरच्या नमुना पंख्यावर चालवून बघितलं आणि मग खारदांड्याच्या पंख्यात तो प्रोग्राम घातला. जावांना म्हटलं, "दुरुस्त केलाय."

त्यानंतर दांड्याहून फोन आला नाही. मला फोन न येण्याची जास्त भीती वाटते. तक्रार करणारं गिऱ्हाईक अजून आपलं असतं.

तेवढ्यात धीरजभाईंनी दुकानदारांना बोलावलं. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, सगळीकडचे व्यापारी, समोसे, थंडगार हॉल. छताला पंखा टांगलेला. आमच्या कचेरीतल्या कुणीतरी तो सगळ्यांत चकचकीत दिसला म्हणून आमच्या टेबलावरून उचलून नेला होता. ऋजुताने हॉलमध्ये पाऊल टाकलं, वर बघितलं आणि माझा दंड पकडला. तिची नखं मला अजून आठवतात.

"मॅडम, तो आपला नमुना आहे."

काही करायच्या आत धीरजभाई उभे राहिले. त्यांचा आवाज पंख्याला आधीच शिकवलेला होता. "पंखा, चालू!" पंखा फिरायला लागला, टाळ्या. मग बोरिवलीच्या एका जाड्या दुकानदाराला पुढे बोलावून त्याचा आवाज पंख्याला शिकवला. आता हा दुकानदार खवचट. धीरजभाईंनी "पंखा, जोरात!" म्हटलं आणि त्याने लगेच मागून टाकलं, "पंखा, बंद!"

माझी आई छतावरून कडाडली, "आदी तुमचा काय ता ठरवा, मगे माका सांगा!"

हॉल गार पडला. समोसा चावणारी तोंडंसुद्धा थांबली. मग तो जाडा दुकानदार हसायला लागला. निघाला कुडाळचा. "अरे, ही तर माझी आयेस!" तो म्हणाला. "परत बोलव रे तिला, परत बोलव!" मग जो तो पुढे येऊन आवाज शिकवू लागला आणि धीरजभाईंशी उलटं बोलू लागला. मुलुंडच्या एका व्यापाऱ्याला मात्र आवडलं नाही. "गिऱ्हाइकाला पंखा उलट बोलतो? घरी बायको काय कमी आहे?" म्हणाला. त्यावर आणखी हशा.

हॉल रिकामा झाल्यावर धीरजभाई माझ्यासमोर उभे राहिले. ते हसत नव्हते. "रेखाबेन, हे कोण बोलला?"

"माझी आई."

"आई कुठे आहे?"

"वारली."

ते दोन पावलं मागे सरकले. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळ चोळलं. "लोक हसले, ते ठीक. हसून कोणी माल घेत नाही. दांड्याच्या त्या बायका काय म्हणतात? त्यांनी कंप्लेंट केली तर हा प्रोग्राम आजच्या आज काढायचा, आणि मग सीझन गेला समजा. जाऊन बघा."

सगळी गंमत एका क्षणात उतरली. जोडणी विभागातल्या त्या नजरा आठवल्या. ऋजुताला घेऊन तशीच दांड्याला निघाले.

आत शिरलो तर दोघी जावा सुपाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलेल्या. दोघी जवळा निवडत होत्या. पंखा बंद. मी बोलायचं नाही असं ठरवून आले होते, म्हणून ऋजुताला पुढे केलं.

"कसा चाललाय पंखा?" ऋजुताने विचारलं.

"ती बाई काढा त्याच्यातून," हिराबाय म्हणाली.

"कोण बाई?"

"पंख्यातली! काय ते तोंड! आम्हाला शिकवते. आम्ही दोघी सून म्हणून आलो ह्या घरात तेव्हा होती कुठे ती?"

"आमच्या सासूचापन असा आवाज नव्हता," जनाबाय म्हणाली. "आणि सासू काय कमी नव्हती."

"नव्हती," हिराबायने दुजोरा दिला.

"मग पंखा वापरताच नाही का?"

"वापरतो ना. जवळा निवडून झाला की लावतो. एकटीने निवडला तर संध्याकाल होते, मग मीपन बसते." हिराबायने डोळे वटारले. "पंख्यासाठी. तिच्यासाठी नाय."

"पंख्यापुरतंच बोलतो," जनाबाय म्हणाली.

"तेवढंच," हिराबाय म्हणाली.

ऋजुता माझ्याकडे बघत होती. मी कसंबसं हसू दाबलं होतं. तेवढ्यात जनाबायने चहाचा कप पुढे केला आणि तो माझ्या हातावर हिंदकळला. भाजलं. तोंडातून निघून गेलं, "अगे आवशी, भाजलंय मी!"

दोघींचे हात सुपात थांबले. हिराबायने मान वर करून पंख्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग जनाबायकडे.

"जना."

"व्हय गो."

"हीच ती."

पुढचा काही वेळ मी आयुष्यात खाल्ली नाहीत एवढी बोलणी खाल्ली. एकीने सुरू केलेलं वाक्य दुसरी पुरं करत होती. एक दम घ्यायला थांबली की दुसरी धरायची. नोकरदार बाई असून लोकांच्या छतावर चढून बसते, लाज नाय, वर आम्हालाच बोलते ठरवा! आम्ही ठरवू नायतर नाय ठरवू! ऋजुता कोपऱ्यात बसून चहाचे घोट घेत होती आणि दोघी तिला मधेच म्हणत होत्या, "तू घे गो पोरी, तुझा काय दोष नाय." प्रोग्राम तिने लिहिला होता, हे मी सांगितलं नाही. निघताना मात्र दोघींनी मिळून सुक्या जवळ्याची पुडी माझ्या पिशवीत कोंबली.

संध्याकाळी मी सही केली.

पंखा उन्हाळ्याआधी बाजारात गेला आणि कंपनीचं शटर वर राहिलं. श्रीमंत कुणी झालं नाही, पण जोडणीतल्या बायका कामावर राहिल्या. ऋजुताची ती युक्तीही राहिली. फक्त आवाज बदलला. धीरजभाई म्हणाले की मालवणी सगळ्यांना कळत नाही आणि उलट बोललेलं सगळ्यांना चालत नाही. त्यांनी पैसे देऊन एका गोड गळ्याच्या बाईंकडून म्हणवून घेतलं, "कृपया आपसात ठरवून पुन्हा सांगावे." बाजारातला पंखा असं बोलतो. मला ते ऐकलं की दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं. पण व्यवहार आहे. एवढं मात्र खरं की माझ्या आईचा आवाज फक्त दांड्याच्या त्या एका पंख्यात उरला.

त्याच सुमारास मी निवृत्त झाले. थोड्या दिवसांनी घरी फोन आला. फोन बहुतेक दोघींच्या मधे जमिनीवर ठेवला होता, कारण दोघी एकदम बोलत होत्या आणि एकमेकींना "तू थांब गो, मी सांगते" म्हणत होत्या. कंपनीचा माणूस जुना पंखा काढून नवा लावायला आला होता म्हणे, फुकट. नव्याचा आवाज त्याने ऐकवलासुद्धा.

"मग? लावला का?" मी विचारलं.

"परत पाठवला आम्ही त्याला," हिराबाय म्हणाली.

"का गं? ती किती गोड बोलते."

"तेच ना!" जनाबाय म्हणाली. "तिच्याशी भांडायचं कसं?"